दृष्टीआडचे लक्ष्य

हॉवित्झर तोफेचे पहिले वैशिष्ट्य असे, की ती चालवणाऱ्या जवानांना आपले लक्ष्य बहुधा दिसत नाही. तोफ डोंगराच्या अलीकडच्या उतारावर किंवा झाडीच्या आडोशाला उभी असते, लक्ष्य डोंगरापलीकडे दहा, पंधरा, कधी तीस किलोमीटरवर असते, आणि या दोहोंना जोडतात ते तिसऱ्याच ठिकाणी दुर्बीण घेऊन बसलेल्या निरीक्षकाचे शब्द व त्या शब्दांवरून चौथ्या ठिकाणी केलेले गणित. तोफखान्याच्या सरावाचा अभ्यास करू पाहणाऱ्याने ही रचना आरंभीच नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण सराव पाहायला जाणाऱ्याचे डोळे आपोआप तोफेच्या तोंडाकडे लागतात आणि तेथे जे दिसते ते या विद्येचे सर्वांत शेवटचे व सर्वांत सोपे अंग असते. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहणे, दुसऱ्याच्या गणितावर विसंबणे आणि तरीही ते गणित प्रत्येक टप्प्यावर पुन्हा तपासणे ही तोफखान्याची खरी शिस्त होय, आणि नाशिकजवळच्या देवळालीत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली जाते ती हीच.

पारंपरिक वर्गीकरणानुसार लांब नळीची, गोळा मोठ्या वेगाने व जवळजवळ सपाट मार्गाने फेकणारी ती गन, अगदी आखूड नळीची व गोळा उंच उडवून जवळच पाडणारी ती उखळी तोफ, आणि या दोहोंच्या मधली ती हॉवित्झर होय. हॉवित्झरचे वेगळेपण दोन गोष्टींत आहे. तिची नळी बऱ्याच मोठ्या कोनात उचलता येते आणि गोळ्यामागे भरायच्या दारूचे प्रमाण कमी-अधिक करता येते. बंदुकीच्या काडतुसात दारू कायमची बंद केलेली असते, तर हॉवित्झरमध्ये गोळा वेगळा आणि दारूच्या पिशव्या किंवा नळकांडी वेगळी असतात, व किती पिशव्या घालायच्या हे पल्ल्यानुसार ठरते. या प्रमाणालाच तोफखान्यात ‘चार्ज’ म्हणतात. परिणामी एकाच ठिकाणावर गोळा पाडण्याचे अनेक मार्ग उपलब्ध होतात. अधिक दारू घालून नळी थोडी उचलली तर गोळा ठेंगण्या कमानीने जातो, आणि नळी पंचेचाळीस अंशांच्याही वर नेली तर तोच गोळा आकाशात उंच चढून डोंगराच्या मागच्या उतारावर जवळजवळ सरळ खाली कोसळतो. कुंपणापलीकडच्या अंगणात चेंडू टाकायचा असेल तर मूल तो कुंपणाला लावून फेकत नाही, वर उडवते, आणि हॉवित्झरचे सारे प्रयोजन त्या उडवण्यात आहे. आधुनिक १५५ मिलिमीटर तोफांत गन व हॉवित्झर यांतील जुना भेद पुसट झाला आहे, कारण नळ्या लांबल्या आणि कोनही मोठे राहिले. नळीची लांबी तिच्या आतल्या व्यासाच्या पटीत सांगण्याची प्रथा असल्यामुळे ‘१५५ मिलिमीटर, ३९ कॅलिबर’ याचा अर्थ सुमारे सहा मीटर लांबीची नळी असा होतो आणि ५२ कॅलिबरची नळी आठ मीटरांपर्यंत जाते.

गोळा हवेत कोणत्या वाटेने जातो हा प्रश्न तोफेइतकाच जुना आहे आणि त्याचे उत्तर शोधताना गणिताचीही वाढ झाली. इटलीतील निकोलो तार्ताल्या याने १५३७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नळी पंचेचाळीस अंशांत ठेवल्यास पल्ला सर्वाधिक मिळतो असे प्रतिपादन केले. निर्वात अवकाशात ते खरेही ठरले असते. परंतु गोळा हवेतून जातो, आणि हवा त्याला किती अडवते याची खरी कल्पना १७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने लोलकाच्या साहाय्याने गोळीचा वेग मोजला तेव्हा आली. हा अडथळा तोवरच्या अंदाजांपेक्षा फारच मोठा निघाला. रॉबिन्सचा ग्रंथ लिओनार्ड ऑयलरसारख्या गणितज्ञाने जर्मन भाषेत आणून त्यावर विस्तृत भाष्य केले, यावरून या विषयाचे शास्त्रीय वजन ध्यानात यावे. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत रणभूमीवरच्या बहुतेक तोफा आपल्याला दिसणाऱ्या लक्ष्यावरच मारा करत होत्या. प्रत्येक बारानंतर तोफ धक्क्याने मागे घरंगळे आणि तिला पुन्हा जागेवर ओढून नव्याने नेम धरावा लागे. १८९७ च्या फ्रेंच ७५ मिलिमीटर तोफेने तेल व दाबलेली हवा यांच्या साहाय्याने नळीचा धक्का शोषून घेतला आणि तोफेचा गाडा जागेवर स्थिर राहू लागला. गाडा स्थिर राहिल्यामुळे नेमही स्थिर राहिला, आणि नेम स्थिर राहिल्यावर तो लक्ष्याकडे पाहून धरण्याऐवजी दुसऱ्याच एखाद्या ठळक खुणेकडे पाहून, ठरावीक कोन मोजून धरता येऊ लागला. अप्रत्यक्ष माऱ्याची, म्हणजे लक्ष्य न पाहता करायच्या माऱ्याची, पद्धत या सुधारणेमुळे व्यवहार्य झाली. १९०४–०५ च्या रशिया-जपान युद्धाने तिची गरज सिद्ध केली आणि पहिल्या महायुद्धाने तिला सार्वत्रिक केले.

महाराष्ट्राला तोफ परकी नव्हती. पेशव्यांच्या तोफखान्याची व्यवस्था पानसे घराण्याकडे होती आणि पुण्याजवळ सोनोरी येथील मल्हारगड हा छोटा किल्ला याच घराण्याने अठराव्या शतकाच्या मध्यास उभारला. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी जे काम केले ते इतिहासाच्या वाचकाला ठाऊक आहे. मात्र आजच्या भारतीय तोफखान्याची अखंड परंपरा मोजली जाते ती २८ सप्टेंबर १८२७ पासून, ज्या दिवशी मुंबई इलाख्याच्या गोलंदाज पलटणीतील एक तुकडी उभी राहिली. हीच तुकडी पुढे पाचवी बॉम्बे माउंटन बॅटरी म्हणून ओळखली गेली, आणि म्हणून दरवर्षी २८ सप्टेंबर हा ‘गनर्स डे’ पाळला जातो. प्रशिक्षणाचे मुख्य विद्यालय आरंभी आजच्या पाकिस्तानातील काकूल येथे होते आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते देवळालीला आले. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला आलेले ‘स्कूल ऑफ आर्टिलरी’ तेथेच राहिले. जवळच नाशिक रोड येथे तोफखान्याचे केंद्र असून तेथे भरती झालेल्या जवानांना प्राथमिक शिक्षण मिळते, तर देवळालीत अधिकारी व अनुभवी जवान तोफांचा, निरीक्षणाचा आणि गणिताचा वरचा अभ्यासक्रम पुरा करतात. सह्याद्रीच्या पूर्वेकडे उतरत जाणारे उघडे माळ, मधूनमधून उभे राहणारे कातळी डोंगर आणि पावसाळ्यानंतर लांबवरचे दिसू देणारी स्वच्छ हवा या गोष्टी निरीक्षकाच्या शिक्षणाला अनुकूल आहेत. ज्या डोंगरांच्या घड्यांत गोळा दडून पडतो, त्या घड्या वाचायला शिकणे हाच या शिक्षणाचा अर्धा भाग होय.

आता माऱ्याची साखळी पाहू. तिची तीन ठाणी असतात. पहिले ठाणे निरीक्षण चौकीचे, जेथे पायदळाच्या पुढच्या रांगेजवळ किंवा उंच टेकडीवर निरीक्षक अधिकारी नकाशा, दुर्बीण, दिशाकोन मोजण्याचे साधन आणि रेडिओ घेऊन बसतो. दुसरे ठाणे तोफांच्या मागे असलेल्या कमांड पोस्टचे, जेथे गणित होते. तिसरे ठाणे प्रत्यक्ष तोफांचे, ज्यांची बॅटरी साधारणतः सहा तोफांची असते. निरीक्षक लक्ष्याचा नकाशावरचा संदर्भ, त्याच्याकडे पाहण्याची आपली दिशा आणि लक्ष्याचे वर्णन कळवतो. कमांड पोस्टमधील तांत्रिक सहायक, ज्यांना तोफखान्यात ‘टी. ए.’ म्हणतात, त्या संदर्भावरून तोफेपासून लक्ष्याचे अंतर, दिशा आणि उंचीतील फरक काढतात, पल्ल्याच्या कोष्टकांतून कोणता चार्ज व नळीचा किती कोन लागेल ते ठरवतात, आणि तो आदेश तोफांकडे जातो. तेथे नेम धरणारा, म्हणजे ‘लेयर’, दिशादर्शक यंत्रावर सांगितलेला अंक लावतो, नळी फिरवून दूरच्या खुणेशी जुळवतो आणि पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणतो. त्याच्यापुढे एक खूण आणि काही अंक असतात, लक्ष्य नसते. सरावात प्रथमच येणाऱ्या जवानाला हे विचित्र वाटते, आणि त्या विचित्रपणाची सवय होईपर्यंत तो चांगला लेयर होत नाही.

या गणिताचे मोजमाप अंशांत होत नाही, ‘मिल’मध्ये होते. पाश्चात्त्य पद्धतीच्या तोफांत पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल धरतात, सोव्हिएत पद्धतीत ६०००. ६४०० ही संख्या सोयीची अशी, की एक मिलचा कोन एक किलोमीटर अंतरावर जवळजवळ एक मीटर रुंदी व्यापतो, त्यामुळे निरीक्षकाला तोंडी हिशेब करता येतो. समजा, तो लक्ष्यापासून तीन किलोमीटरवर आहे आणि पहिला गोळा लक्ष्याच्या ५० मिल डावीकडे फुटला, तर गोळा १५० मीटर डावीकडे पडला हे त्याला क्षणात कळते. रुंदीची चूक अशी सहज मोजता येते, पण खोलीची चूक मोजता येत नाही, कारण तीन किलोमीटरवरून पाहताना धूर लक्ष्याच्या पुढे उठला की मागे एवढेच दिसते, किती पुढे किंवा किती मागे ते दिसत नाही. यावर तोफखान्याने काढलेला उपाय गणिती दृष्ट्या सुंदर आहे. निरीक्षक अंतराचा नेमका अंदाज बांधण्याच्या भानगडीत पडत नाही, तो लक्ष्य दोन गोळ्यांच्या मध्ये पकडतो. पहिला गोळा अलीकडे पडला असेल तर ‘राइट १५०, ॲड ४००’ अशी दुरुस्ती जाते. दुसरा गोळा पलीकडे पडला की लक्ष्य चारशे मीटरांच्या पट्ट्यात सापडले. मग ‘ड्रॉप २००’, नंतर त्याच्या अर्धे, आणि शेवटी पन्नास मीटरांची दुरुस्ती देऊन सर्व तोफांचा एकत्रित मारा मागवायचा. नवशिक्याचा स्वभाव याच्या उलट असतो. पहिला गोळा अलीकडे पडला की तो भीत भीत पन्नास मीटर वाढवतो, पुन्हा पन्नास, पुन्हा पन्नास, आणि असे सरकत जाताना गोळेही वाया जातात व खऱ्या युद्धात शत्रूला आडोशाला जाण्याची पुरेशी सूचनाही मिळते. प्रशिक्षक या सवयीवर सर्वांत कठोर असतात, आणि ते योग्यच आहे. धीटपणे मोठी दुरुस्ती देणे, मग ती निम्मी करत नेणे, हे हिमतीचे काम नसून पद्धतीवरच्या विश्वासाचे काम आहे, आणि तो विश्वास पुस्तकातून येत नाही. तो डोळ्यांदेखत गोळे पडताना पाहूनच येतो.

येथे आणखी एक बारकावा आहे. निरीक्षकाची उजवी बाजू ही तोफेची उजवी बाजू असतेच असे नाही, कारण दोघे लक्ष्याकडे वेगवेगळ्या दिशांनी पाहत असतात. निरीक्षक आपल्या डोळ्यांना दिसते तसे बोलतो आणि त्याचे बोलणे तोफेच्या दिशेत बसवण्याची जबाबदारी कमांड पोस्टची असते. जुन्या काळी हे काम कागदावरच्या आलेखावर टाचण्या टोचून, पट्टी व कोनमापक फिरवून होत असे. आज ते ‘शक्ती’ या संगणकीय प्रणालीवर काही सेकंदांत होते. तरीही हाताने आलेख मांडण्याचे शिक्षण टिकवून ठेवण्याला अर्थ आहे, कारण यंत्राने दिलेला अंक चुकीचा आहे हे ओळखायचे तर बरोबर अंक साधारण कोठे असायला हवा याची जाण माणसाच्या डोक्यात असावी लागते.

पल्ल्याची कोष्टके एका आदर्श दिवसासाठी तयार केलेली असतात. त्या दिवशी हवेचे तापमान, घनता व दाब ठरावीक असतात, वारा नसतो, दारूचे तापमान नेमलेले असते आणि नळी नवी असते. असा दिवस प्रत्यक्षात कधीच उगवत नाही. हिवाळ्यात नाशिकच्या पठारावर पहाट कडाक्याची थंड आणि दुपार कोरडी व उन्हाची असते, आणि उन्हात ठेवलेली दारू अधिक वेगाने जळत असल्यामुळे सकाळी व दुपारी त्याच कोनात, त्याच चार्जने डागलेले गोळे शंभर मीटरहूनही अधिक अंतराने वेगळे पडू शकतात. म्हणून दारूच्या पेट्या सावलीत झाकून ठेवणे आणि तिचे तापमान मोजणे हा सरावाचा नित्य भाग असतो. हवामान पथके फुगे सोडून वरच्या थरांतील वारा व तापमान मोजतात, कारण मोठ्या पल्ल्याचा गोळा कित्येक किलोमीटर उंच चढतो आणि जमिनीवर शांत असलेली हवा वर जोराने वाहत असू शकते. नळी वापराने झिजते, तिच्या आतील आटे घासले जातात आणि गोळ्याचा सुरुवातीचा वेग घटतो. प्रत्येक तोफेची झीज वेगळी असल्याने प्रत्येकीची दुरुस्तीही वेगळी ठेवावी लागते. गोळ्याला आटे गिरकी देतात, त्या गिरकीमुळे तो किंचित एका बाजूला सरकतो, आणि पल्ला फार लांब असेल तर पृथ्वीच्या परिवलनाचाही हिशेब धरावा लागतो. १९९९ च्या कारगिल युद्धात द्रासच्या उंचीवरील विरळ हवेत बोफोर्स तोफांचे गोळे सपाट प्रदेशातील कोष्टकांच्या अपेक्षेपेक्षा दूर जात होते आणि त्यानुसार आकडे नव्याने बसवावे लागले. त्या युद्धात भारतीय तोफखान्याने अडीच लाखांच्या आसपास गोळे व रॉकेटे डागल्याचे सांगितले जाते. द्रासमधील पॉइंट ५१४० या शिखराला २०२२ मध्ये ‘गन हिल’ असे नाव देण्यात आले ते या कामगिरीच्या स्मरणार्थ. तोफखान्याच्या कर्तृत्वाची स्तुती करताना ही दुरुस्तीची कोष्टके सहसा कोणी आठवत नाही, पण शिखराजवळच्या आपल्याच पायदळाच्या शेजारी गोळा न पडता शत्रूच्या मोर्च्यावर पडला याचे श्रेय मोठ्या अंशाने त्यांनाच आहे.

प्रत्यक्ष तोफेवरील कवायत कडक क्रमाने चालते. तोफेचे पथक सहा ते दहा जणांचे, प्रत्येकाला क्रमांक आणि प्रत्येक क्रमांकाला नेमके काम. प्रमुख बहुधा हवालदार असतो आणि त्याच्या शब्दाखेरीज काहीही हलत नाही. १५५ मिलिमीटरचा नेहमीचा स्फोटक गोळा सुमारे ४३ किलो वजनाचा असतो, त्यात जवळजवळ सात किलो टीएनटी भरलेले असते, आणि तो नळीत ठोसून इतका घट्ट बसवावा लागतो की त्याच्या कमरेचा तांब्याचा पट्टा आट्यांत रुतावा. बसवण्यात हलगर्जी झाली, तर नळी उचलताच गोळा मागे घसरण्याचा धोका असतो. गोळ्याच्या टोकाला फ्यूज असतो. आपटताच फुटणारा, भिंत भेदून क्षणभराने फुटणारा, ठरावीक वेळाने हवेत फुटणारा आणि जमिनीजवळ येताच स्वतः अंतर ओळखून फुटणारा, असे त्याचे प्रकार आहेत, आणि नळीतून सुटतानाचा धक्का व गिरकी मिळाल्याशिवाय तो जागा होऊ नये अशी त्याची रचना केलेली असते. बार झाला नाही तर तोफेचा मागचा दरवाजा लगेच उघडायचा नाही, ठरावीक काळ थांबायचे, कारण दारू उशिरा पेटण्याची शक्यता असते. नियम असे आहेत आणि ते बहुतेकदा पाळले जातात, तरीही धोका शून्य होत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये देवळालीच्या सराव क्षेत्रात इंडियन फील्ड गनच्या सरावाच्या वेळी गोळा फुटून दोन तरुण अग्निवीरांचा मृत्यू झाला. युद्धाशिवाय होणारे असे मृत्यू वर्तमानपत्रात एका दिवसाची बातमी होऊन मागे पडतात. तोफखान्याच्या प्रशिक्षणाविषयी गंभीरपणे लिहिणाऱ्याने त्यांना विषयाच्या मध्यभागी जागा दिली पाहिजे, कारण सुरक्षेचा प्रत्येक नियम कोणाच्या ना कोणाच्या जिवाची किंमत देऊन लिहिला गेलेला असतो. सरावात कोणत्याही हुद्द्याच्या माणसाला धोका दिसताच मारा थांबवण्याचा आदेश देता येतो. एरवी हुद्द्यांच्या उतरंडीवर उभ्या असलेल्या सैन्यात नवख्या जवानाच्या तोंडी दिलेला हा अधिकार फार अर्थपूर्ण आहे.

बाहेरून पाहायला येणाऱ्यांसाठी देवळालीत दरवर्षी ‘तोपची’ हे शक्तिप्रदर्शन होते, ज्यात हॉवित्झरांबरोबर उखळी तोफा, रॉकेट यंत्रणा आणि टेहळणीची साधनेही दाखवली जातात आणि वेलिंग्टनच्या संरक्षण सेवा स्टाफ महाविद्यालयातील अधिकारी ते पाहायला येतात. १९८६ च्या करारानुसार घेतलेल्या ४१० बोफोर्स, जबलपूरला घडलेली धनुष, टायटॅनियममुळे सव्वाचार टनांच्या आसपास वजनावर आणलेली व हेलिकॉप्टरखाली लटकवून नेता येणारी एम-७७७, रणगाड्यासारखी साखळीपट्ट्यांवर धावणारी के-९ वज्र अशा तोफांच्या पिढ्या या माळावर पाहायला मिळतात. शेवटच्या दोन तोफा ९ नोव्हेंबर २०१८ रोजी देवळालीतच सैन्यात समारंभपूर्वक दाखल झाल्या. पुण्याच्या पाषाण भागातील आयुध संशोधन व विकास आस्थापनेने आखलेल्या, ५२ कॅलिबरच्या स्वदेशी ओढतोफेच्या ३०७ नगांसाठी मार्च २०२५ मध्ये करार झाले, तेव्हा पुढील पिढीचे गोलंदाज महाराष्ट्रात आखलेल्या तोफेवर शिकतील असे म्हणायला हरकत नाही. प्रेक्षकाने मात्र पाहताना थोडी शिस्त बाळगावी. तोफेच्या तोंडाशी ज्वाला दिसते, मग धक्का छातीवर आदळतो, आणि नंतर बराच वेळ काहीच घडत नाही. मध्यम पल्ल्याला गोळा अर्धा मिनिट आणि लांब पल्ल्याला मिनिटाहूनही अधिक काळ हवेत असतो. या रिकाम्या वाटणाऱ्या वेळातच सारे काम चाललेले असते. रेडिओवर ‘शॉट’ हा शब्द गेलेला असतो, निरीक्षकाने घड्याळ पाहिलेले असते, आणि गोळा पडण्यापूर्वी काही क्षण ‘स्प्लॅश’ असा इशारा मिळताच त्याची दुर्बीण लक्ष्यावर स्थिरावते, कारण धूर उठतो त्या पहिल्याच क्षणी तो कोठे उठला हे पाहायचे असते. पुढच्या क्षणी वारा तो पसरवतो. आवाज त्याच्यापर्यंत पोहोचतो तो नंतर, तीन किलोमीटरवरून सुमारे नऊ सेकंदांनी, आणि तोवर त्याची पुढची दुरुस्ती बोलून झालेली असते. स्फोट कानांनी पाहू नये, हे म्हणूनच सरावाचे पहिल्या दिवसाचे वाक्य ठरावे.

हॉवित्झरचे प्रेक्षक केवळ निमंत्रित नसतात. सराव क्षेत्राच्या कडेची गावे हे तिचे कायमचे व नाइलाजाचे प्रेक्षक आहेत. भारतात अशा जमिनीचा वापर १९३८ च्या युद्धसराव, क्षेत्रीय गोळीबार व तोफखाना सराव अधिनियमानुसार होतो, ज्यात राज्य शासनाने अधिसूचना काढून ठरावीक क्षेत्र ठरावीक मुदतीसाठी सरावाला मोकळे करायचे आणि झालेल्या नुकसानीची भरपाई द्यायची अशी तरतूद आहे. माऱ्याच्या दिवशी लाल निशाणे लागतात, रस्ते बंद होतात, गुरे मागे फिरवावी लागतात. न फुटलेला गोळा जमिनीत रुतून राहतो आणि धातूच्या मोबदल्यासाठी तो उकरणाऱ्या गरीब माणसाच्या हातात वर्षांनंतरही फुटू शकतो. काश्मीरमधील तोसा मैदान हे कुरण १९६४ पासून २०१४ पर्यंत तोफखान्याच्या सरावासाठी वापरले गेले आणि तेथील मेंढपाळ कुटुंबांनी अशा गोळ्यांमुळे माणसे व अवयव गमावले. झारखंडमधील नेतरहाटच्या आदिवासींनी १९९० च्या दशकापासून चिकाटीने विरोध केला आणि २०२२ मध्ये राज्य सरकारने तेथील अधिसूचनेला मुदतवाढ नाकारली. महाराष्ट्रात अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंजच्या विस्ताराविषयी पारनेर व राहुरी तालुक्यांतील गावांनी आपल्या जमिनींची चिंता वेळोवेळी मांडली आहे. सरावाशिवाय तोफखाना निकामी ठरेल हे खरे, आणि मोकळ्या जमिनीशिवाय सराव अशक्य हेही खरे. पण या सुरक्षिततेची किंमत कोणती गावे मोजत आहेत हे लष्करी इतिहासाच्या ग्रंथांत क्वचितच लिहिले जाते, आणि ही उणीव केवळ अनवधानाची नाही. तोफेच्या तोंडाकडून लिहिलेल्या इतिहासात गोळा पडतो ती जमीन नेहमी रिकामीच दिसते.

निरीक्षण चौकीचे रूप आता झपाट्याने बदलत आहे. शत्रूच्या तोफेतून सुटलेल्या गोळ्याचा मार्ग टिपून त्या तोफेची जागा सांगणारे स्वाती हे स्वदेशी रडार, टेकडीवर माणूस न बसवता पलीकडचे दाखवणारी ड्रोन, उपग्रहाच्या साहाय्याने स्वतःची वाट दुरुस्त करणारे गोळे या साधनांनी पहिला गोळा आणि अचूक मारा यांतील अंतर कमी केले आहे. युक्रेनच्या युद्धाने हे जगाला दाखवले, आणि त्याबरोबर हेही दाखवले की एकाच जागी दोन-चार मिनिटे थांबलेली तोफ स्वतःच लक्ष्य बनते. त्यामुळे तोफ मांडणे, मारा करणे आणि तोफ आवरून दुसरीकडे निघून जाणे या तिन्हींचा वेग हा सरावाचा नवा निकष झाला आहे. एप्रिल २०२३ मध्ये तोफखान्यात प्रथमच पाच महिला अधिकारी दाखल झाल्या, हाही याच काळातील बदल. ड्रोनच्या पडद्यावर गोळा लक्ष्याच्या किती अलीकडे पडला ते मीटरमध्ये मोजता येते, मग चारशे, दोनशे, शंभर, पन्नास अशी जुनी उतरण शिकवायची कशाला, असा प्रश्न तरुण अधिकाऱ्यांना पडला तर नवल नाही. त्याचे उत्तर रणांगणावरील विद्युत्-चुंबकीय हस्तक्षेपात आहे, ज्यात रेडिओ दबतो, उपग्रहाचा संकेत भरकटतो आणि पडदा कोरा होतो. त्या वेळी निरीक्षकापाशी उरतात ते नकाशा, दुर्बीण, मिलचा हिशेब आणि डोंगराच्या कोणत्या घडीत गोळा हरवेल याची सरावाने आलेली समज. देवळालीचे विद्यालय नवी साधने शिकवताना ही जुनी विद्या किती तास राखते, यावर त्याच्या पुढील अभ्यासक्रमाचे मोल ठरेल.